घर घेताना : बालाघाटच्या मराठी कुटुंबांसाठी कायद्याची माहिती

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बालाघाट आणि गोंदिया एकाच प्रांतात होते. सोयरीक आजही दोन्हीकडे आहे, पण जमिनीचे कायदे वेगळे झाले. तिकडचा सातबारा म्हणजे इकडे खसरा व बी-1, फेरफार म्हणजे नामांतरण, बिनशेती म्हणजे डायव्हर्शन. आपल्याकडे मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 लागू आहे. तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, म्हणून मुख्य मुद्दे इथे देत आहोत.

मालकी : 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला रजिस्ट्री लागते. नोटरीकडच्या करारनाम्याने मालकी मिळत नाही. नामांतरणही केवळ महसुली नोंद आहे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बँकेचा वकील जुनी कागदपत्रे तपासून सर्च रिपोर्ट देतो, पण तो बँकेच्या हितासाठी. विसार देण्याआधी आपला वकील वेगळा करावा.

आदिवासींची जमीन : संहितेच्या कलम 165(6) प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात ही जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. इतरत्र कलेक्टरची परवानगी लागते. बैहर भाग पाचव्या अनुसूचीत येतो, तिथे विशेष जपावे.

नवी कॉलनी : जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा घरे 8 पेक्षा जास्त असतील तर भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते.

स्वस्त घरांची योजना : प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान मिळते, मात्र जागेचा हक्क दाखवावा लागतो. कुटुंबात कुणाच्याही नावे देशात पक्के घर असल्यास लाभ मिळत नाही. आजोबांच्या नावावरची जागा वाटणीविना राहिली की अनेकांचा अर्ज इथेच अडतो. वारस नामांतरण वेळेत करून घ्यावे.

हप्ते थकले तर : 90 दिवसांहून अधिक थकबाकी झाली की कर्जखाते बुडीत वर्गात जाते. त्यानंतर बँक 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊ शकते. नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताबा घेण्याची कारवाई झाल्यास 45 दिवसांत जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. नोटीस आली की घाबरून गप्प बसू नये, ही मुदत फार मोलाची असते.

कर्ज फिटल्यावर : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई आहे. कागद मोजून, यादीशी ताडूनच सही करावी.