शाकारणीचे घर
छप्पर दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न कोकणात पूर्वी फारसा पडत नसे; मृगाआधी शाकारणी व्हायचीच. नळीची कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप बदलायची आणि पुन्हा रचायचे. 1865 मध्ये बाझल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारे कौल आले, तरी फुटेल तेवढेच बदलण्याची सोय टिकली. आज माकडांचा उपद्रव आणि मजुरीचे दर दाखवून पत्रा सुचवतात. अडचण खरी आहे. पण पुष्कळदा गळते ते एखाद्या सरकलेल्या कौलाखाली; तेवढ्यासाठी अख्खे छप्पर उतरवणे मला पटत नाही. वाशात सुरी टोचून भुसा निघाला, तर मात्र तो वासा बदलायलाच हवा. वर कौले तरीही तीच चढवता येतात.