वळिवड्याची पोलिश छावणी

१९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले. पोलंड व सोव्हिएत संघ यांच्यातील १९४१ च्या करारानंतर त्यांपैकी काहींची सुटका झाली आणि इराणमार्गे बाहेर पडलेल्या निर्वासितांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभारण्यात आली. घरचे कर्ते पुरुष एक तर सैन्यात होते किंवा मरण पावले होते, त्यामुळे सुमारे पाच हजारांच्या या वस्तीत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती.

निवारा, अन्न आणि औषधोपचार ही तातडीची मदत झाली. परंतु उपासमार व वियोग सोसलेल्या मुलांना सावरण्यासाठी तेवढे पुरेसे नव्हते. आज ज्याला मानसिक आधार म्हणतात, तो येथे वेगळ्या नावाने नव्हे, तर नित्यक्रमातून मिळाला. लांबट बराकींच्या रांगांमध्ये मातृभाषेतील शाळा, चर्च आणि अनाथालय होते; तसेच बालवीर व वीरबाला पथके, म्हणजे स्वावलंबन व सेवेचे शिक्षण देणाऱ्या संघटना, मुलांचा दिवस आखून देत. जामनगरजवळील बालाचडीची मुलांची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यास आली.

महायुद्धानंतर त्यांची मूळ गावेच सोव्हिएत हद्दीत गेल्याने अनेकांना परतीचा मार्ग उरला नाही आणि १९४८ पर्यंत ही कुटुंबे ब्रिटन व इतर देशांत विखुरली. त्यानंतर फाळणीने विस्थापित झालेले सिंधी निर्वासित त्याच जागी वसले. आजचे गांधीनगर त्यातूनच उभे राहिले.