तीन पिढ्यांपलीकडचा आजा

मराठी घराण्यांत गेलेल्या वडीलधाऱ्याचे स्मरण किती काळ टिकावे, याची एक मर्यादा श्राद्धविधीनेच आखून दिलेली आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांनाच नाव आणि गोत्र उच्चारून पिंड दिला जातो व त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात पाहिले जाते. त्यांच्या वरचे पूर्वज 'लेपभाज' ठरतात, म्हणजे पिंड देताना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाचेच ते वाटेकरी असतात. व्यवहारातली मराठी या बाबतीत विधीपेक्षा थोडी उदार आहे, कारण आजा आणि पणजा यांच्यामागे ती 'खापरपणजा' या शब्दाने आणखी एक पायरी चढते. पण तिथवर पोहोचेतो माणसाचा चेहरा आणि स्वभाव विरून गेलेला असतो आणि उरते ते केवळ नाते.

चेहरा राखण्याचा एक मार्ग देवघरात होता. धातूच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठाव दिलेल्या प्रतिमेला 'टाक' म्हणतात. कुलदैवतांच्या टाकांशेजारी लढाईत पडलेल्या पूर्वजाचा, म्हणजे 'वीरा'चा टाक अनेक घरांत पुजला जातो, आणि नाशिकला धुळवडीच्या दिवशी असे वीर आजही वाजतगाजत मिरवले जातात. मात्र टाकावरचा घोडेस्वार सर्व घरांत सारखाच दिसतो. पूर्वज कोण होता आणि त्याने काय केले, हे सांगण्याचे सामर्थ्य धातूत नव्हते. ते कागदात होते, आणि मराठ्यांच्या मुलखात तो कागद बहुधा वतनाच्या निमित्ताने लिहिला गेला.

वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखा वंशपरंपरेने चालणारा हक्क. त्यावर तंटा उभा राहिला की पक्षकाराला आपल्या घराण्याची हकीकत लेखी मांडावी लागे. तिला 'करीना' म्हणत. हक्काचा पुरावा द्यायचा, तर तो मिळवणाऱ्या आणि राखणाऱ्या पूर्वजाचे कर्तृत्व सांगणे अपरिहार्य होते, आणि म्हणूनच या रुक्ष कागदांतून अधूनमधून एक जिवंत माणूस उभा राहतो. रोहिड खोऱ्याचे देशमुख असलेल्या कारीच्या जेधे घराण्याचा करीना हे याचे सर्वांत हृद्य उदाहरण आहे. १६५९ मध्ये अफजलखान स्वारीवर आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना खानाकडे रुजू होण्याची आदिलशाही आज्ञा झाली होती आणि ती मोडणे म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची देशमुखी पणाला लावणे होते. अशा वेळी कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. पाणी सोडणे म्हणजे दान करताना हातावरून पाणी सोडून वस्तूवरचा आपला हक्क कायमचा सोडणे. वतनाच्या रक्षणासाठी जन्मलेल्या लेखनप्रकारात, वतनाचा त्याग केलेला बाप हाच घराण्याचा सर्वांत मोठा अभिमान म्हणून नोंदला गेला, यातच त्या वारसांच्या मनात कान्होजींचे स्थान काय होते ते दिसते.

याच घराण्याने राखलेली 'जेधे शकावली', म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, असे मानण्यास जे आधार आहेत, त्यांत तिचे स्थान फार वरचे आहे. एका घराने आपल्या वडिलांच्या आठवणीसोबत जपलेले कागद साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडले.

इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची तपासणी करण्याचे अधिकार मिळाले आणि घराघरांतली दप्तरे पुन्हा सोडावी लागली. पुढे विसाव्या शतकात, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होऊन कागद जमवण्याची ओढ वाढली, त्या काळात 'कुलवृत्तांत' हा ग्रंथप्रकार बहरला. एका आडनावाच्या सर्व शाखांची वंशावळ व माणसांची त्रोटक चरित्रे त्यात एकत्र येतात. गोखले, परांजपे, दामले अशा कुलांचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. करीन्याला हक्क सिद्ध करायचा होता, कुलवृत्तांताला तसे कारण नव्हते. त्यात शाळामास्तर, कारकून, वैद्य यांनाही जागा मिळाली, आणि हा बदल मोलाचा मानला पाहिजे.

वंशावळीतले तुटलेले दुवे जोडण्यासाठी एक साधन फार उपयोगाचे ठरते, ते म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूंचे धर्मकृत्य करणारे हे उपाध्ये गावानुसार आणि आडनावानुसार त्यांची नामावळ ठेवतात. जुन्या नोंदी मोडीत, म्हणजे शीघ्रलेखनाच्या जुन्या मराठी लिपीत आहेत. त्यांत शौर्य नाही की वतन नाही, वडिलांचे, भावांचे आणि मुलांचे नाव एवढेच असते. पण पुष्कळदा खाली यात्रेकरूची स्वतःची सही असते. वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आलेल्या मुलाला उपाध्ये त्याच्या घराण्याचे पान काढून देतात, तेव्हा ज्या आज्याला त्याने कधी पाहिलेही नसेल त्याचे हस्ताक्षर त्याच्या समोर येते, आणि तो त्याच पानावर, त्या सहीखाली, आपले व आपल्या मुलांचे नाव लिहितो.