पेठेची पालिका आणि मोहल्ल्याचा मुखत्यार

वऱ्हाडातील जुन्या कसब्यांचा पूर्ववृत्तांत पाहू गेल्यास बहुधा एखादा किल्ला, एखादे प्राचीन देवालय किंवा परगण्याचे ठाणे यांच्या आश्रयाने तेथे प्रथम वस्ती जमली, असे आढळते. खामगावपासून फार दूर नसलेले बाळापूर हे याचे ठळक उदाहरण होय. खामगावची जडणघडण मात्र निराळ्या रीतीने झाली. सुमारे 1820 साली, वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली असताना, काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटून तूप, सूत आणि थोडासा कापूस यांची देवघेव आरंभिली. त्या देवघेवीतून पेठ उभी राहिली आणि पेठेच्या भोवती गाव वाढले. ज्या गावाचा जन्मच बाजारातून झाला, त्याच्या कारभारावर बाजाराची छाप दीर्घकाळ राहिली तर त्यात नवल नाही. ती छाप कशी पडली, आणि तिच्या सावलीत राहणाऱ्या सामान्य रहिवाशाने आपल्या दारापुढची नाली, कोपऱ्यावरचा दिवा आणि नळाचे पाणी यांसाठी दाद मागावी कोणाकडे, हा मला या नगराच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला, आणि पुढे आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. 1867 साली खामगावला नगरपालिका स्थापन झाली. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा लोहमार्गाचा फाटा तयार झाला, आणि त्याच्या उद्घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो या गावी आले. साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी एवढ्याशा फाट्यासाठी एवढा प्रवास करतो, यातच सरकारचे लक्ष कशावर खिळले होते हे उघड होते. रुईच्या गासड्या बंदरापर्यंत लवकर पोहोचाव्यात, एवढ्यासाठी ही सारी खटपट होती. 1901 च्या शिरगणतीत खामगावची लोकसंख्या 18,341 भरली, आणि 1905 साली जिल्ह्यांची फेररचना होऊन हा तालुका अकोल्यातून निघून बुलढाणा जिल्ह्यात सामील झाला. त्या काळी वऱ्हाडातील कापसाच्या बाजारांत अमरावतीखालोखाल खामगावचेच नाव घेतले जाई.

बाजाराला कायद्याचे संरक्षणही लवकर लाभले. 1886 साली कारंजा येथे हैदराबाद रेसिडेंटाच्या हुकुमाने नियंत्रित बाजारपेठेचा पायंडा पडला, आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांविषयी स्वतंत्र कायदा होऊन वजनमापे, दलाली, अडत यांना नियम लागू झाले. बाजाराच्या समितीवर व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते. माल पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आवाज तेथे क्षीण होता, आणि गावात नुसता राहणारा, कापसाशी काही देणेघेणे नसलेला शिंपी, शिक्षक, हमाल किंवा विधवा बाई यांचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्याची भाषा सुरू झाली आणि हळूहळू पालिकांत निवडून आलेले सभासद बसू लागले हे खरे. परंतु मताचा अधिकार घरपट्टी, मिळकत आणि शिक्षण यांच्या कसोटीवर दिला जात असल्यामुळे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग कित्येक दशके झाला नाही. यात कोण्या एका शेटजीचा किंवा अंमलदाराचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. ज्याच्या पैशातून पालिकेची तिजोरी भरते त्याचा रस्ता आधी दुरुस्त होतो, हा त्या व्यवस्थेचाच धर्म होता.

तेव्हा ज्याला मत नाही त्याने आपले गाऱ्हाणे मांडावे कोणत्या अधिकाराने? या प्रश्नाचे एक उत्तर खामगावला रेल्वे आली त्याच वर्षी पुण्यात दिले गेले. 2 एप्रिल 1870 रोजी तेथे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी हे तिचे निमित्त होते, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांनी ज्यांना आदराने ‘सार्वजनिक काका’ म्हटले ते, तिचे प्राण होते. त्या सभेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम असा की, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा. केवळ विद्वत्ता, वतन किंवा वक्तृत्व यांच्या बळावर कोणी लोकांच्या वतीने बोलू नये. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांनी तसा अधिकार लेखी दिलेला असावा, हे तत्त्व या एका अटीत पूर्णपणे उतरले होते. सुमारे सहा हजार माणसांनी आपला मुखत्यार म्हणून 95 जणांना निवडले, तेव्हा कोणत्याही कायद्याचे पाठबळ नसताना एक प्रातिनिधिक संस्था उभी राहिली. आजच्या नागरिक समित्या, रहिवासी संघ, मोहल्ला सुधार मंडळे यांचा खरा वंशवृक्ष येथून सुरू होतो, असे माझे मत आहे.

खामगावात सह्यांच्या मुखत्यारनाम्यापेक्षा एकत्र येण्याची दुसरी एक रीत अधिक रुजली. ती म्हणजे उत्सवाची. लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिल्यानंतर वऱ्हाडातील गावोगावी मंडळे निघाली, आणि खामगावात अय्याची कोठी येथील लाकडी गणपतीला मानाचे स्थान प्राप्त झाले. त्याहून विशेष म्हणजे जलालपुऱ्यातील मोठ्या देवीचा उत्सव. इतरत्र नवरात्र संपून देवीचे विसर्जन झालेले असते, तेव्हा खामगावात कोजागिरी पौर्णिमेला जगदंबेची स्थापना होते आणि सारे शहर त्या काळात जणू नव्याने जागे होते. या उत्सवांच्या भक्तीविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्यांच्या दफ्तराविषयी लिहावेसे वाटते. वर्गणीचे पावतीपुस्तक, घराघरांची यादी, मांडव, वीज व बंदोबस्त यांची वाटणी, परवान्यांचे अर्ज, आणि उत्सव आटोपल्यावर फळ्यावर लिहिलेला जमाखर्च, एवढी सामग्री ज्या मोहल्ल्याने वर्षानुवर्षे सांभाळली, त्या मोहल्ल्याला सार्वजनिक कारभार शिकवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. कोणते घर किती वर्गणी देते, कोणाकडून ती मागू नये, कोणाचा मुलगा रात्रभर जागून काम करतो आणि कोणाचा केवळ मिरवतो, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. खेद एवढाच की, दहा-बारा दिवस चाललेली ही व्यवस्था उरलेल्या वर्षभर बहुधा गुंडाळून ठेवली जाते.

याच वऱ्हाडात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी रात्री कीर्तन करण्याआधी दिवसा गावाचा रस्ता स्वतः खराट्याने झाडण्याचा क्रम आयुष्यभर चालवला. सार्वजनिक सभेने अर्जाचा मार्ग दाखवला, बाबांनी हाताने काम करण्याचा. रहिवाशांच्या संघटनेला हे दोन्ही मार्ग हवेत. नुसता अर्ज लिहिणारा संघ कुरकुर करीत राहतो, आणि नुसता झाडू मारणारा संघ पालिकेचे काम फुकट करून देऊन तिला तिच्या कर्तव्यातून मोकळे करतो.

पाण्याचा प्रश्न घेतला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. मोठी नदी उशाशी नसलेल्या या शहराने ब्रिटिश अमदानीत जनुन्याच्या तलावावर भिस्त ठेवली. पुढे लोकसंख्या वाढली तसे गेरू माटरगावच्या ज्ञानगंगा प्रकल्पातून पाणी आणावे लागले. धरण भरले म्हणजे प्रश्न मिटला असे दुरून वाटते, पण उन्हाळ्यातला नळाचा दिवस ज्याने जवळून पाहिला आहे त्याला खरी अडचण कोठे आहे ते कळते. कित्येक दिवसांनी पाणी सुटायचे म्हणून पहाटेपासून ड्रम, हंडे, बादल्या दारात मांडलेल्या असतात. व्हॉल्व्ह उघडतो, नळाला घोगरा आवाज येतो, आणि पहिली धार लागते न लागते तोच वरच्या अंगाच्या घरांतून टिल्लू पंपांची घरघर सुरू होते. क्षणार्धात गल्लीच्या शेवटच्या घरांतील धार बारीक होऊन तिथे केवळ हवा फुसफुसू लागते. येथे पालिकेच्या अभियंत्याला दोष देता येत नाही. येथे शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पाणी ओढलेले असते. पहिला अर्धा तास कोणीही मोटार लावू नये, शेवटच्या घराचा हंडा भरल्याची हाक आल्यावरच ती सुरू करावी, असा ठराव गल्लीने गल्लीत करावा लागतो, आणि तो पाळला जातो की नाही हे गल्लीनेच पाहावे लागते. पण मुख्य वाहिनी फुटली, किंवा नालीचे पाणी नळात मिसळू लागले, तर सह्यांचा अर्ज घेऊन मुख्याधिकाऱ्यांपुढेच जावे लागते. पहिले काम अर्जाने होणार नाही आणि दुसरे श्रमदानाने होणार नाही, हा विवेक ज्या संघाला आला तो टिकतो.

कायद्याने या बाबतीत खामगावसारख्या शहराला काय दिले, तेही पाहिले पाहिजे. 1922 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याखाली येथील पालिका चालत होती. 1956 साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि 1965 च्या नगरपालिका अधिनियमाने दिवाबत्ती, रस्ते, सफाई, जलनिस्सारण ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून नमूद केली. 1993 पासून अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची सोय केली खरी, परंतु ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेत खामगावची संख्या लाखाच्याही आत होती. म्हणजे मुंबईच्या रहिवाशाला प्रभाग समिती आहे, शिवाय 1997 च्या सुमारास तेथील महापालिकेने गल्लीगल्लीतील रहिवासी गटांना मान्यता देण्याची पद्धतही सुरू केली. आणि ज्या मध्यम शहरात माणसे एकमेकांना नावाने ओळखतात, जेथे अशी समिती सर्वांत सुलभ झाली असती, तेथे राज्यघटनेने तिची सक्ती केलेली नाही. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

त्यातच शहर हद्दीबाहेर पसरले. वाडी, सुटाळा, घाटपुरी या बाजूंना शेतजमिनी अकृषक होऊन ले-आउट पडले, भूखंड विकले गेले, बंगले उठले. तेथील माणूस नोकरीला, बाजाराला आणि दवाखान्याला खामगावात येतो, पण त्याच्या रस्त्याचा मालक मात्र बहुधा ग्रामपंचायत असते, आणि नकाशावर दाखवलेली मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आहे हे कित्येकदा त्यालाच ठाऊक नसते. अशा वसाहतींत संघाचे पहिले कर्तव्य म्हणजे मंजूर नकाशाची प्रत मिळवून ती सर्वांना दाखवणे.

दाल फैल, सती फैल, बाळापूर फैल अशा जुन्या श्रमिक वस्त्यांत आणि नव्या वसाहतींत या कामाचे स्वरूप वेगळे असेल. पण दोन दोष दोन्हीकडे टाळले पाहिजेत. संघ म्हणजे पालिकेच्या निवडणुकीची पायरी असे ज्या दिवशी लोकांना वाटू लागते, त्या दिवशी निम्मा मोहल्ला दूर होतो. आणि भाडेकरू व स्त्रिया यांना सभेत जागा नसेल, तर तो रहिवाशांचा संघ नसून घरमालकांचा होतो. नळावर उभी राहते ती बाई आणि ठराव करतो तो पुरुष, ही विसंगती आजही पुष्कळ ठिकाणी दिसते.

म्हणून खामगावच्या मोहल्ल्यांना माझी विनंती अशी आहे की, यंदा मोठ्या देवीचा मांडव उतरल्यावर वर्गणीची वही बंद करू नका. तिच्याच पुढच्या पानापासून तक्रारींची नोंद सुरू करा: तारीख, तक्रार, कोणाच्या सह्या, अर्ज कोणत्या दफ्तरी दिला, उत्तर केव्हा आले. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घेतल्याखेरीज खिडकीवरून हलू नका. 2005 च्या माहिती अधिकाराच्या आणि 2015 च्या लोकसेवा हक्काच्या कायद्याखाली पुढे जायचे झाल्यास ती पोहोच तुमच्या उपयोगी पडेल.