स्कोलिओसिस : बालपणीच्या निदानानंतरचे आयुष्य

नवी दिल्ली : निरोगी माणसाचा पाठीचा कणा मागून पाहिल्यास सरळ रेषेत दिसतो. तो एका बाजूला वळतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो, तेव्हा त्या विकृतीला वैद्यकशास्त्रात 'स्कोलिओसिस' म्हणजेच मेरुदंडाची पार्श्ववक्रता असे म्हणतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला वळणाचा कोन १० अंश किंवा त्याहून अधिक भरल्यास निदान निश्चित होते. अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या मोजणीच्या पद्धतीवरून या कोनाला 'कॉब कोन' असे नाव मिळाले. १० ते १६ वर्षे वयोगटातील शंभरापैकी सुमारे दोन ते तीन मुलांमध्ये ही वक्रता आढळते. त्यांतील बहुतेकांची वक्रता सौम्य असते व तिला उपचारांची गरज भासत नाही.

निदान झाले की कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, 'कणा पुन्हा सरळ होईल का?' प्रत्यक्षात उपचारांची दिशा दोन बाबींवर ठरते : वळण आज किती आहे आणि मुलाची वाढ किती शिल्लक आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत वळण आटोक्यात ठेवणे आणि त्यानंतरही त्याच्यावर लक्ष ठेवणे, ही चांगल्या आयुष्याची दोन सूत्रे आहेत. यांपैकी दुसरे अनेकदा दुर्लक्षित राहते.

कारण आणि गैरसमज

सुमारे ८० टक्के रुग्णांमध्ये वक्रतेचे नेमके कारण सापडत नाही. अनुवंशिकतेचा काही वाटा असतो, इतके निश्चित आहे. उर्वरित रुग्णांमध्ये मणक्यांची जन्मजात सदोष घडण किंवा स्नायू व मज्जासंस्थेचे विकार कारणीभूत असतात. वाकून बसणे, एका खांद्यावर दप्तर घेणे किंवा गरोदरपणी आईने घेतलेला आहार यांमुळे ही वक्रता निर्माण होत नाही. दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, हा २०२० च्या दप्तर धोरणातील दंडक पाठदुखी व थकवा टाळण्यासाठी योग्यच आहे. मात्र स्कोलिओसिसचा दोष दप्तराला देता येत नाही आणि आईवडिलांनाही देता येत नाही.

वाढीची वर्षे

एक खांदा वर, एक खाली. एका बाजूचे खुब्याचे हाड पुढे आलेले. गणवेशाची कड एका बाजूला उचललेली, ही घरच्यांच्या लक्षात येणारी लक्षणे होत. मुलाला पाय जुळवून, हात खाली सोडून कमरेत पुढे वाकायला सांगावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्लिश शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत वापरात आहे.

वाढत्या वयात वक्रता २५ अंशांपर्यंत असल्यास सामान्यतः दर चार ते सहा महिन्यांनी तपासणी पुरेशी ठरते. २५ ते ४० अंशांच्या दरम्यान पट्टा, म्हणजे प्लास्टिकचा घट्ट साचा, वापरण्याचा सल्ला दिला जातो. पट्टा कणा सरळ करत नाही. तो वळण वाढू न देण्याचा प्रयत्न करतो. अमेरिका व कॅनडातील रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. पट्टा न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी १३ तासांहून अधिक काळ पट्टा घालणाऱ्यांमध्ये यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले.

दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा हे तास भरून काढणे मुलांसाठी कष्टाचे असते. आत शिवण नसलेला सुती बनियन घालणे, तो दिवसातून दोनदा बदलणे, पट्ट्याखालची त्वचा रोज तपासणे आणि खेळाच्या वेळेपुरता पट्टा काढण्याची मुभा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेणे, या साध्या उपायांनी पट्ट्याशी जुळवून घेता येते. राजधानीत विष्णु दिगंबर मार्गावरील पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय शारीरिक दिव्यांगजन संस्था ही कृत्रिम अवयव, आधारसाधने व भौतिकोपचार यांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच क्षेत्रात काम करते.

शस्त्रक्रिया

वक्रता ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत मणक्यांमध्ये स्क्रू बसवून धातूच्या सळयांच्या आधाराने वळण कमी केले जाते आणि ते मणके एकमेकांशी सांधले जातात. गेल्या शतकाच्या मध्यास अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना अनेक महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. आता बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत उभे राहतात व काही आठवड्यांत शाळेत परततात. शस्त्रक्रिया सुरू असताना मज्जारज्जूतील संदेशवहनावर यंत्राद्वारे लक्ष ठेवता येते. संसर्ग व मज्जातंतूंना इजा हे धोके कमी झाले असले तरी ते शून्य नाहीत. त्यामुळे त्यांची स्पष्ट चर्चा आधीच व्हायला हवी.

राजधानी परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) व वसंत कुंज येथील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर येथे अशा शस्त्रक्रिया होतात. यांपैकी दुसरी संस्था १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर करणारे आणि त्याच वर्षीच्या युद्धात मणक्याला गोळी लागलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी उभारली.

अठराव्या वर्षानंतर

वाढ थांबली की तपासण्याही थांबतात, हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. ३० अंशांपर्यंतची वक्रता प्रौढपणी सहसा वाढत नाही. ५० अंशांपुढील वक्रता मात्र वाढ पूर्ण झाल्यावरही वर्षाला साधारण एक अंश या गतीने वाढू शकते. हा फरक केवळ जुन्या चित्रांशी तुलना केल्यावरच कळतो. म्हणून लहानपणीची क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेची टिपणे व बसवलेल्या धातूचा तपशील जपून ठेवावा. शिक्षण-नोकरीसाठी शहर बदलताना हा संच सोबत न्यावा.

अमेरिकेतील आयोवा येथे उपचार न घेतलेल्या रुग्णांचा ५० वर्षे पाठपुरावा करण्यात आला. किशोरवयात वक्रता आलेल्या बहुसंख्य रुग्णांचे आयुर्मान इतरांसारखेच होते आणि ते नोकरी-संसार नेटाने सांभाळत होते. पाठदुखीची तक्रार मात्र त्यांच्यात अधिक होती. नियमित चालणे, पोहणे, पाठ व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील योगासने यांनी ताकद व लवचीकता टिकते. व्यायामाने किंवा मालिशने प्रौढांचा कणा सरळ करण्याचा दावा मात्र विश्वासार्ह नाही.

छातीच्या भागातील वक्रता तीव्र असल्यास फुफ्फुसांना फुलण्यास जागा कमी पडते. अशा व्यक्तींसाठी दिल्लीचा हिवाळा जिकिरीचा असतो. हवेचा निर्देशांक ३०१ च्या पुढे म्हणजे 'अतिशय वाईट' श्रेणीत गेल्यावर घराबाहेरचा व्यायाम टाळावा आणि फुफ्फुसक्षमतेची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठराविक काळाने करून घ्यावी.

बहुतेक स्त्रियांचे गरोदरपण सामान्यपणे पार पडते. मात्र कण्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्यास भूलतज्ज्ञांना प्रसूतीच्या बरेच आधी भेटावे, कारण पाठीतून भूल देणे कठीण ठरू शकते.

हक्क आणि सन्मान

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अन्वये ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के व शासकीय उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के आरक्षणाच्या तरतुदींसाठी अर्ज करता येतो. ही टक्केवारी वैद्यकीय मंडळ तपासणीअंती ठरवते. वक्रतेचे अंश म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी नव्हे.

हा आजार मुलींमध्ये अधिक बळावत असल्याने 'लग्नाचे कसे होणार' या काळजीपोटी तो लपवण्याकडे अनेक घरांचा कल असतो. या लपवाछपवीची किंमत मुलगी मोजते. पट्टा घालण्याचे तास कमी होतात, तपासण्या टळतात आणि वाढीची मोलाची वर्षे हातची निघून जातात. जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट याने आपल्याला स्कोलिओसिस असल्याचे उघडपणे सांगितले आहे. पाठ व पोटाचे स्नायू बळकट ठेवण्यावर त्याने कारकिर्दीत भर दिला. प्रत्येक मूल विश्वविक्रम करणार नाही. मात्र आपल्या पाठीविषयी न संकोचता बोलू शकणारे मूल तपासणीला वेळेवर पोहोचते, आणि या आजारात वेळेलाच सर्वाधिक मोल आहे.