कायसेकी म्हणजे काय? क्योतोत मित्रांसोबत बुकिंग करण्याआधी हे वाचा

कायसेकी हे जपानमधलं सर्वांत देखणं आणि बहुधा सर्वांत महागडं पारंपरिक जेवण. ठरलेल्या क्रमाने, एकेक पदार्थ छोट्या भांड्यांतून समोर येतो. आपण ऑर्डर द्यायची नसते. ऋतू पाहून शेफच सगळं ठरवतो.

हा शब्द दोन प्रकारे लिहितात, उच्चार मात्र एकच. एकाचा अर्थ 'उराशी धरलेला दगड'. भूक विसरायला झेन भिक्खू गरम दगड कपड्यात पोटाशी धरत, अशी आख्यायिका आहे. हे चहा समारंभातलं साधं जेवण. चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. दुसऱ्याचा अर्थ मेजवानीची बैठक, म्हणजे साके आणि गप्पा. पर्यटकांच्या वाट्याला बहुतेकदा हीच येते.

आधी एक-दोन घासांचा पदार्थ, मग 'हास्सुन' नावाचं ऋतूचं ताट, साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, झाकणाच्या वाटीतलं सूप, भाजलेला पदार्थ, शिजवलेल्या भाज्या. क्रम जागेनुसार थोडा बदलतो. भात, मिसो सूप आणि लोणचं मात्र शेवटीच. वरणभातापासून पंगत सुरू करणाऱ्यांना हे जरा उलटं वाटेल!

ग्रुपमध्ये कुणी शाकाहारी असेल तर?

इथेच खरी अडचण येते. साशिमी बाजूला सारता येते, पण 'दाशी'चं काय? कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांपासून बनणारं हे पातळ पाणी सूपमध्ये असतं, भाज्या त्यातच शिजतात. माशाचा तुकडाही दिसत नाही, त्यामुळे 'व्हेज आहे' असं समजून मित्र वाटी संपवून टाकतो. फक्त 'मासे नकोत' असं सांगणं म्हणूनच पुरत नाही. 'दाशीही चालत नाही' हे बुकिंग करतानाच कळवावं लागतं. ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकघराच्याही हातात फारसं काही उरत नाही.

मग पर्याय? 'शोजिन र्योरी', म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण. यात दाशी कोंबू आणि शिताके मशरूमची असते, कांदा-लसूणही टाळतात. क्योतोत आराशियामा भागातल्या तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' इथे ते मिळतं. कंदमुळं मात्र असतात, त्यामुळे जैन मित्रांनी आधी विचारून घ्यावं. खरं तर एका मित्रासाठी सगळ्यांनीच इथे जेवणं हा कमी प्रतीचा पर्याय अजिबात नाही.

बिलाचं काय?

नावाजलेल्या ठिकाणी रात्रीचं जेवण माणशी २०,००० येनच्या पुढे सहज जातं, अनेकदा वर सर्व्हिस चार्ज. दुपारचं बरंच स्वस्त पडतं. टीप देण्याची पद्धत नाही. एखादा मित्र ऐनवेळी गळाला तर त्याचेही पैसे भरावे लागू शकतात, तेव्हा रद्द करण्याचे नियम आधीच ग्रुपवर टाकलेले बरे.

तीव्र अत्तर टाळा, कारण वास हा या जेवणाचा अर्धा भाग आहे. तातामीवर बसायचं तर मोजे हवेत. आणि 'हे चाखून बघ' म्हणत आपल्या चॉपस्टिकमधून मित्राच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. जपानमध्ये अंत्यसंस्कारानंतर अस्थी अशा उचलतात.