दोरी, ठिणगी आणि मोसंबीची बाग

2013 सालच्या एप्रिल महिन्यातील एक सकाळ आमच्या स्मरणातून जात नाही. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या बाजूच्या पट्ट्यात, आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांची मोसंबीची बाग होती. होती असेच म्हणावे लागते, कारण आदल्या वर्षी पाऊस रुसला, विहिरीने तळ दाखवला, काही महिने टँकरचे विकतचे पाणी घालून झाले आणि शेवटी झाडे उभ्या उभ्या वाळली. 2012-13 च्या त्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील किती बागांची हीच गत झाली, हे त्या वर्षी या भागातून प्रवास केलेल्यांना सांगायला नको. आम्ही दोघे प्राध्यापक परीक्षांच्या कामातून सवड काढून भेटायला गेलो होतो. भेट कसली, समाचारालाच गेलो होतो म्हणा.

बांधावर तालुक्याहून भाड्याने आणलेले झाड कापायचे यंत्र ठेवले होते. ते आणणारा पोरगा दोरी ओढत होता. वीस वेळा ओढली, तीस वेळा ओढली. यंत्र खोकल्यासारखे एकदा ‘खट्’ करी आणि गप्प होई. पोराच्या शर्टाची पाठ घामाने भिजली. सोळा वर्षांच्या झाडाखाली उकिडवे बसलेले आमचे यजमान शांतपणे म्हणाले, “त्यालाबी पटंना झालंय, सर.”

त्या वाक्याने आम्ही त्या वेळी गलबलून गेलो हे खरे. परंतु घरी परतताना दुसराच विचार मनात घोळू लागला. यंत्र अडले की त्याला ‘पटत नाही’, तो ‘रुसतो’, ‘नखरे करतो’, असे बोलणाऱ्या समाजात अडलेले यंत्र हाताळण्याचे ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले? साहित्याचे अध्यापक यंत्राकडे पाहतात ते बहुधा प्रतीक म्हणून. गिरणी म्हणजे शोषण, आगगाडी म्हणजे दुरावा. न सुरू होणारे यंत्र मात्र आमच्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही, आणि मराठवाड्याच्या खेड्यातील माणसाचा यंत्राशी आलेला संबंध पाहिला तर त्यातला मोठा भाग ते सुरू होत नाही याचाच आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुतेदारीचे जे चित्र येते, त्याचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. खुद्द आत्र्यांनीही ते केलेले नाही. पण दुरुस्तीच्या दृष्टीने त्या व्यवस्थेत एक विशेष होता. औत मोडले तर ते नीट करणारा सुतार आणि फाळ शेवटणारा लोहार त्याच गावात राहत. त्यांना मिळणारे धान्य मोडतोडीच्या हिशेबावर नव्हे तर वर्षाकाठी मिळे. वापरणारा व नीट करणारा, दोघांनाही बाभळीचे लाकूड ठाऊक होते आणि औत कुठे कुरकुरते हे दोघांच्याही कानांना कळत होते. जातीच्या भिंतीने बांधलेले का असेना, ते ज्ञान शिवारातच होते.

ते शिवाराबाहेर पडू लागले ते लोखंडी नांगराबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास नांगर घडवले तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा समज असल्याने पहिले नांगर खपायला फार दिवस लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या समजाची चेष्टा होते. आम्हांला मात्र त्यामागे दुसरी एक रास्त भीती असावी असे वाटते. हा नांगर मोडला तर गावचा सुतार काय करणार? कारखान्यातून सुटा भाग मागवण्याची गोष्ट तोवर गावाला माहीत नव्हती. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी कथेच्या इतिहासात आपण ज्याचा आदराने उल्लेख करतो, ते मुळात कारखान्याचे खबरपत्र होते. नांगर विकत घेणाऱ्याशी बोलत राहिले पाहिजे, ही त्यामागची गरज. वाङ्मयेतिहासाच्या तासाला आम्ही शंकरराव किर्लोस्करांचे नाव सांगतो आणि नांगराचा फाळ सांगायला विसरतो.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होता. 1900 साली मनमाड-हैदराबाद लोहमार्ग इथून गेला होता, त्यामुळे वाफेचे इंजिन लोकांनी पाहिले होते. पण पाहणे वेगळे आणि स्वतःच्या हाताने सुरू करणे वेगळे. ते दुसरे घडले ते विहिरीवर डिझेलचे इंजिन आले तेव्हा. 1972 च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मोटेचे बैल कमी झाले आणि ‘हँडल मारणे’ हे प्रत्येक तरुणाच्या मनगटाचे काम झाले. आमच्या पिढीने वडिलांना इंजिनाची झडप उचलून धरताना, हँडलला वेग देताना आणि नेमक्या क्षणी झडप सोडताना पाहिले आहे. क्षण चुकला तर हँडल उलटे फिरून हाताचे हाड मोडत असे. नळीत हवा शिरली की ‘इंजनानं हवा धरली’ म्हणत. मग नट थोडा सैल करायचा, बुडबुडे जाऊन डिझेलची अखंड धार येईपर्यंत थांबायचे, पुन्हा आवळायचे. हे कोणी पुस्तकातून शिकले नाही.

झाड कापायचे यंत्र मात्र डिझेलच्या कुळातले नाही. त्याचे गोत्र टू-स्ट्रोकचे. 1890 च्या आसपास इंग्लंडमध्ये जोसेफ डे यांनी साधे केलेले हे इंजिन. त्यात झडपा नाहीत, वंगणाची वेगळी टाकी नाही. तेल पेट्रोलातच मिसळायचे. जर्मनीत अँड्रियास स्टील यांनी 1926 मध्ये विजेवरची आणि 1929 मध्ये पेट्रोलवरची करवत काढली. त्याच्याही शंभर वर्षे आधी बर्नहार्ड हाइने या वैद्यकातील कारागिराने हाड कापण्यासाठी साखळीची करवत बनवली होती, हे वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटले. दात कसे असावेत हा प्रश्न सुटला तो अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांना लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहून. 1947 मध्ये त्यांची साखळी बाजारात आली. ज्या किडीला आपला शेतकरी शिव्या घालतो तिच्याच जबड्याची ही नक्कल.

महाराष्ट्रात टू-स्ट्रोकचे शिक्षण जंगलात झाले नाही, रस्त्यावर झाले. 1972 साली लुना आली, त्याच वर्षी चेतक आली, पुढे खेड्यापाड्यांत एम-80 आली. सकाळी स्कूटर सुरू होईना म्हणून तिला एका अंगावर कलती करणारे, पेट्रोल कार्बोरेटरात उतरू देऊन पुन्हा किक मारणारे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना हे शिक्षण म्हणजे काय ते कळणार नाही. डिकीत पाना आणि जुना प्लग ठेवण्याची रीत होती. प्लग काढायचा, त्याच्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासायची, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठिणगी पडते का पाहायचे. जास्त पेट्रोल गेले तर ‘ओव्हर झालं’. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या, पेट्रोल पंपावरचे तेलाचे छोटे यंत्रही दिसेनासे झाले. आणि नेमक्या त्याच काळात ही करवत शिवारात शिरली. शिकवणारी स्कूटर गेल्यावर विद्यार्थी वर्गात आला, असे काहीसे झाले.

आता त्या पोराकडे पुन्हा पाहू. त्याचे काय चुकत होते? दोरी ओढून यंत्र सुरू व्हायला ठिणगी, इंधन, हवा आणि दाब यांचा मेळ वेळेवर जमावा लागतो. थंड यंत्राला चोक लावून हवा कमी करावी लागते. पण पहिला ‘खट्’ आवाज आला की चोक काढायचा असतो. तो आवाज म्हणजे पेट्रोल पोहोचल्याची पोच. पोरगा ती पोच ओळखत नव्हता. चोक तसाच ठेवून तो ओढत राहिला, आणि प्रत्येक ओढीगणिक पेट्रोल आत साठत गेले.

या दोषाचा तपास प्लगपासून करतात तो का, हे आम्हांला त्या दिवशी समजले. प्लग हा आतल्या अंधारातून बाहेर येणारा एकमेव साक्षीदार. तो कोरडा निघाला तर इंधन पोहोचत नाही. मग टाकीतली गाळणी, नळी, कार्बोरेटरचा पातळ पडदा अशी मागे मागे चाल करायची. ओला निघाला तर इंधन आहे, पण एक तर ठिणगी नाही किंवा इंधनच अति झाले आहे. काळा आणि चिकट निघाला तर तेलाचे प्रमाण बिघडले आहे, किंवा हवेची गाळणी भुशाने बुजली आहे. ओलाही नाही, काळाही नाही, ठिणगीही चांगली, तरी सुरू होत नाही, तेव्हा दोरी किती जड लागते ते पाहायचे. हलकी लागली तर दाब गेला, म्हणजे खर्च मोठा. धुराड्याची जाळी काजळीने बुजली असेल तरीही यंत्राचा श्वास कोंडतो. एका साक्षीवरून उलट्या दिशेने मुळापर्यंत जाण्याची ही रीत आम्हांला अपरिचित नव्हती. पाठचिकित्सा शिकवताना, भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्या कशा लावल्या हे सांगताना, आम्ही हेच तर सांगत असतो: चूक कुठे दिसते ते नव्हे, कुठून आली ते शोधा.

आता आणखी एक साक्षीदार वाढला आहे. 2025 मध्ये पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. डब्यात पावसाळाभर राहिलेले असे पेट्रोल थरांत फाटू शकते, आणि कार्बोरेटरचे जुने रबरी भाग त्याच्यापुढे टिकत नाहीत. वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या करवतीला याचा जाच अधिक, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आतले पेट्रोल संपेपर्यंत चालवावे असे जाणते मेकॅनिक सांगतात. उसाचे पाणी, पाण्याचा ऊस, उसाचे इथेनॉल आणि पाण्यावाचून वाळलेली बाग कापणारे यंत्र, हा फेरा आम्ही फक्त नोंदवून ठेवतो.

आणि भाषा? मराठी विश्वकोशात ‘अंतर्ज्वलन एंजिन’ ही नोंद आहे आणि तिच्यामागच्या कष्टांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तरी ‘ठिणगी गुडदी’ म्हणून प्लग मागितला तर जालन्याच्या दुकानात कोणी देणार नाही. ‘करंट येतो का’, ‘कचरा आलाय’, ‘ओव्हर झालं’, ‘दम नाही’ ही गॅरेजची मराठी. तिच्यात निम्मे शब्द परके असतील, क्रियापदे मात्र आपली आहेत, आणि निदान क्रियापदांत असते. ती मराठी बोलणारे टू-स्ट्रोकचे कारागीर आज साठीकडे झुकले आहेत. त्यांच्या बोलण्याचा एखादा कोश, एखादा लघुप्रबंध आमच्या विभागांतून झाला असता तर बरे झाले असते. आमच्याकडूनही झाला नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या गावचा एक स्कूटर मेकॅनिक एम-80 वरून आला. त्याने पोराला काही बोलला नाही. प्लग काढला, ओला होता, सदऱ्याच्या टोकाने पुसून उन्हात दगडावर ठेवला. यंत्र उलटे धरून पाच-सहा वेळा दोरी ओढली. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा मातीवर उडाला. मग प्लग बसवला, चोक बंद असल्याची खात्री केली आणि यंत्र जमिनीवर ठेवून, पाय त्याच्या मुठीत रोवून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला धूर आला आणि सारे शिवार त्या आवाजाने भरले.

यजमान उठले. पहिले झाड कोणते कापायचे ते विचारायला पोरगा त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी विहिरीजवळच्या, सर्वांत आधी लावलेल्या झाडाकडे बोट केले आणि चहा टाकायला सांगून येतो म्हणत घराकडे वळले.